अलिबाग–मुरूड एका दिवसात: आधी तिथी बघा

कुलाबा, रेवदंडा, कोर्लई, जंजिरा अशी किल्ल्यांची सहल ठरवताना वारापेक्षा तिथी महत्त्वाची, कारण अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीलाच चालत जाता येतं. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, आणि तिच्या सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. चतुर्थीला भरती 3 वाजता, ओहोटी सकाळी 9 च्या सुमारास. म्हणून तृतीया-चतुर्थी उत्तम; सकाळीच कुलाब्याला चालत जाऊन येता येतं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, पण तेव्हा भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, असल्यामुळे पाणी पुरतं हटत नाही आणि गुडघाभर पाण्यातून जावं लागतं. हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा आदल्या दिवशी भरतीचं वेळापत्रक पडताळा. पाणी चढायला लागलं की गडावर रेंगाळू नका.

पुढे रेवदंड्याचा सातखणी मनोरा, मग साळावचा पूल ओलांडून कोर्लई. इथे 1740 मध्ये पोर्तुगीज सत्ता संपली, तरी गावातले ख्रिस्ती आजही पोर्तुगीजमधून घडलेली स्वतःची बोली बोलतात. गाइड निवडताना ही बोली ऐकलेला, गावात ओळख असलेला माणूस बघा. नुसता किल्ला दाखवणाऱ्याबरोबर कोर्लईची निम्मी गंमत हुकते.

जंजिऱ्यासाठी राजपुरीच्या धक्क्यावर 3 पर्यंत पोहोचा. सुट्टीच्या दिवशी बोटीला रांग असते आणि गडावर वेळ मोजकाच मिळतो, म्हणून कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचा तलाव आधी बघून घ्या. पावसाळ्यात बोटी बंद असतात.