छोट्या घरात मांजरं पाळताय? या चुका टाळा

घर लहान असलं की मांजर पाळू नये, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. 400 चौरस फुटांच्या आतल्या घरातही दोन मांजरं मजेत राहू शकतात आणि ऐसपैस बंगल्यातलं एखादं मांजर पलंगाखालून बाहेर यायला धजावत नाही. घर केवढं आहे यापेक्षा, मांजराला हवं तिथे निवांत जाता-येता येतं का, हे जास्त महत्त्वाचं. लहान घरातल्या बहुतेक कटकटी वाटा अडल्यामुळे सुरू होतात, आणि त्या वाटा अडवतो आपणच: फर्निचर लावताना, लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूसाठीचा वाळूचा डबा) कोपऱ्यात सरकवताना, दारं लोटून घेताना.

लिटर बॉक्स दडवून ठेवणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. बॉक्स नजरेसमोर नको म्हणून तो सिंकखालच्या कपाटात जातो आणि कपाटाच्या दाराला गोल भोक पाडलं जातं. दिसायला छान, पण आत गेलेल्या मांजराला बाहेर पडायला तेवढं एकच भोक उरतं. बाहेर दुसरं मांजर टपून बसलेलं असलं किंवा शेजारचं वॉशिंग मशीन अचानक घरघरायला लागलं, की ते असं घाबरतं की पुन्हा तिकडे फिरकत नाही. मग गादीवर शू सापडते आणि घरचे म्हणतात, 'मुद्दाम करतंय, सूड उगवतंय.' मांजर सूड उगवत नाही हो. जिथे भीती वाटत नाही अशी जागा त्याने शोधलेली असते, इतकंच.

बॉक्स अशा ठिकाणी हवा जिथून मांजराला खोली दिसेल आणि दोन बाजूंनी निसटता येईल. जेवणाच्या वाट्यांजवळ तर तो नकोच. आकाराचा हिशेब सोपा आहे: नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी मोजा आणि बॉक्स त्याच्या दीडपट लांब घ्या. विकत मिळणारे बरेचसे बॉक्स यापेक्षा लहान असतात. त्यापेक्षा कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा घेऊन एका बाजूने कापून ठेंगणा केला, तर काम उत्तम होतं. लिटर, म्हणजे आतली वाळू, साधारण 5 ते 7 सेंटिमीटर खोल असावं.

मांजरं जितकी त्याहून एक बॉक्स जास्त, हा नियम तुम्ही ऐकला असेल. चिंचोळ्या घरात तो पाळणं अवघड जातं, म्हणून लोक दोन बॉक्स शेजारीशेजारी ठेवतात. त्याचा उपयोग होत नाही. एकाची वाट अडली की दुसऱ्याचीही अडते. एक खाली आणि एक पोटमाळ्यावर किंवा बाथरूममध्ये, असं करा. संख्या कमी पडत असेल तर ती कसर सफाईने भरून काढा. दिवसातून दोनदा तरी घाण काढाच. याला आरोग्याचंही कारण आहे. मांजराला टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग असेल, तर शीतून पडणारा तो परजीवी दुसऱ्याला बाधण्याजोगा व्हायला 1 ते 5 दिवस घेतो. रोजच्या रोज साफ केलं तर तो धोका बराच टळतो. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं.

वास घालवायला सुगंधी लिटर आणू नका. आपल्याला मंद वाटणारा सुगंध मांजराच्या नाकाला झोंबतो, आणि झाकणाच्या बॉक्समध्ये तर तो कोंडून राहतो. लिटर बदलायचंच असेल तर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवसांत बदला.

शू बाहेर दिसली की ओरडणं

आधी व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे जा. मूत्राशयाला सूज, खडे, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार यांपैकी काहीही असू शकतं, आणि नुसत्या ताणानेही मांजराच्या मूत्राशयाला सूज येते. बोका वारंवार बॉक्समध्ये जाऊन जोर करतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो.

डाग पुसायला एन्झाइम असलेलं क्लीनर वापरा. अमोनियाच्या क्लीनरचा वास मांजराला शूसारखाच वाटतो आणि ते पुन्हा तिथेच जातं. ब्लीच आणि शू एकत्र आले की विषारी वायू तयार होतो. एवढ्याशा बंद घरात हा प्रयोग मुळीच नको. उभ्या भिंतीवर, शेपटी थरथरवत फवारा मारला जात असेल तर तो प्रकार वेगळा: तिथे हद्द आखली जातेय. नसबंदी झाली नसेल तर ती आधी करून घ्या.

भिंती मोकळ्या सोडणं

जमिनीवर जागा नाही म्हणून रडत बसतो आपण, आणि डोक्यावरची सगळी भिंत रिकामी असते. मांजराला उंचावर सुरक्षित वाटतं. 25 ते 30 सेंटिमीटर रुंदीच्या फळ्या, वर न घसरणारं कापड आणि वजन पेलणारे ब्रॅकेट, एवढ्याने घर त्याच्यासाठी दुप्पट होतं. फक्त शेवटची फळी आंधळी ठेवू नका. चढायची वाट एक आणि उतरायची दुसरी हवी, नाहीतर वर गेलेलं मांजर तिथेच कोंडलं जातं.

पोटमाळ्याच्या उभ्या शिडीचंही तेच. मांजराची नखं आत वळलेली असल्यामुळे ते सरसर चढतं, पण डोकं खाली करून उतरू शकत नाही. शिडीला लागून दोन-तीन फळ्या पायऱ्यांसारख्या लावा. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखत असतात, त्याच्यासाठी अंतर आणखी कमी ठेवा.

ओरखड्यांचा खांब हलका आणि बुटका घेणं हीसुद्धा नेहमीची चूक. मांजर झोपून उठलं की पूर्ण ताणून ओरखडतं. खांब डुगडुगला की सोफ्याकडे वळतं. खांब त्याच्या ताणलेल्या उंचीपेक्षा उंच, जड आणि झोपायच्या जागेजवळ असावा.

'भांडत नाहीत, म्हणजे पटतंय'

दोन मांजरं असलेल्या घरात हे फार बारकाईने बघायला हवं. एक मांजर खोलीच्या मधोमध पाय दुमडून बसलेलं असतं, आरामात आहे असं वाटतं. दुसरं बॉक्सकडे निघतं, अर्ध्यात थांबतं. बसलेलं मांजर उठत नाही, गुरगुरत नाही, फक्त डोळे रोखून बघतं. दुसरं जमीन हुंगल्यासारखं करतं आणि मागे वळतं. हे दिवसभर चाललं तरी घरात आवाज होत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दबलेलं मांजर घाईघाईने खातं, लघवी दाबून ठेवतं आणि शेवटी आजारी पडतं.

इलाज म्हणजे वाट्या, पाणी, झोपायची जागा यांतलं काहीही एकाच कोपऱ्यात न ठेवणं. दोघांना एकमेकांना न दिसता खाता आलं पाहिजे. मध्ये एक पुठ्ठ्याचा खोका जरी ठेवला, तरी रोखलेली नजर तुटते.

न बघता बंद करणं

लहान घरात सगळंच घडीचं असतं: भिंतीत जाणारा पलंग, सोफा-कम-बेड, सरकते कप्पे. मांजर नेमकं त्यांच्या सांध्यात झोपतं. आधी मांजर डोळ्यांनी बघा, मग पलंग मिटा. वॉशिंग मशीन लावण्याआधी ड्रममध्ये हात फिरवा, कारण काळं मांजर अंधारात दिसत नाही. डासांची जाळी मांजराचं वजन पेलत नाही. खिडकीला घट्ट बसवलेली मजबूत जाळी हवी. चाकांवरचं घर (गाडीसारखं ओढून नेता येणारं) उन्हात उभं असेल तर ते बघता बघता तापतं, हवा खेळती ठेवल्याशिवाय मांजराला आत ठेवून जाऊ नका.

आणि हवेत काय सोडतो तेही बघा. सुगंधी तेलांचे डिफ्यूझर बंदच ठेवा: त्यांतली कित्येक द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. लिलीची फुलं घरात आणूच नका. अंगावर पडलेला पराग चाटला तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

पहाटेच्या हाकेला ओ देणं

पहाटे चारला मांजर ओरडलं, तुम्ही उठून वाटी भरली, की दुसऱ्या दिवशी ते त्याच वेळी ओरडणार. झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं काठीच्या खेळण्यामागे पळवा, शेवटी ते पकडू द्या, आणि लगेच जेवण द्या. पोट भरलं की ते अंग चाटतं आणि झोपतं. पहाटेचं ओरडणं आधी काही दिवस वाढेल. तेव्हा एकदाही उठलात तर सगळं पाण्यात.

दुसरं मांजर आणून थेट सोडणं

नव्या मांजराला सुरुवातीचे काही दिवस बंद दारामागे ठेवून वासाची ओळख करून द्यावी लागते. एकाचं अंथरूण दुसऱ्याकडे ठेवायचं, दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या ठेवायच्या, मग जाळीतून भेट. एकच खोली असेल तर बाथरूम तेवढे दिवस त्याचं. तेही शक्य नसेल, तर दुसरं मांजर आणायचा बेत तूर्त पुढे ढकला आणि घरातल्या एकाशीच रोज दोनदा खेळा.