रिचर्डसन खारींची वसाहत: कधी, काय आणि कसं बघावं

रिचर्डसन खार ही उत्तर अमेरिकेतल्या माळरानावर बिळात राहणारी खार. कॅनडात कॅलगरी-रेजायनाकडे सगळे हिला ‘गोफर’ म्हणतात. खरा गोफर वेगळा. तो बिळाचं तोंड मातीने बुजवून घेतो आणि वर क्वचितच दिसतो. रिचर्डसन खारीचं बीळ उघडं असतं, तोंड साधारण ७-८ सेंटिमीटर, पुढ्यात उकरलेल्या मातीचा ढीग. तेरापट्टी खारही याच माळावर असते, पण तिच्या बिळापुढे सहसा ढीग नसतो आणि पाठीवर पट्टे असतात. रिचर्डसन खार बिनपट्ट्याची, मातकट पिवळसर, शेपूट आखूड आणि सतत झटकणारी. त्या झटक्यावरूनच अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्याला ‘फ्लिकरटेल स्टेट’ हे टोपणनाव मिळालं. आपल्याकडच्या झाडावरच्या खारीशी तुलना नको. हिचं सगळं आयुष्य जमिनीत आणि जमिनीवर.

जागा निवडताना गुरांनी चरलेलं आखूड गवत शोधा. उंच गवतात या खारी फारशा राहत नाहीत, कारण मागच्या पायांवर उभं राहून लांबवर बघता आलं नाही तर शिकारी अंगावर येईपर्यंत कळत नाही. वसाहतीपासून २५-३० मीटरवर गाडी लावा आणि आतच बसा. माणूस पायी आला की त्या लगेच बिळात जातात, उभी गाडी मात्र लवकर अंगवळणी पडते. ८×४२ ची दुर्बीण पुरते. ऊन असलेली, वारा पडलेली सकाळ उत्तम. भर उन्हाळ्यात दुपारी त्या खाली जाऊन बसतात.

आता मुख्य गोष्ट: तारीख. कोणत्या महिन्यात कोण वर असतं हे ठाऊक नसेल तर दिसलेल्या खारीचा अर्थ लागत नाही. कॅनडाच्या दक्षिण अल्बर्टात फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला, बर्फ असतानाच, शीतनिद्रा संपवून आधी नर बिळातून वर येतात आणि सुमारे दोन आठवड्यांनी माद्या. वर आल्यावर तीन-चार दिवसांत मादीचा माज येतो आणि तो एकाच दुपारचे काही तास टिकतो. नरांच्या मारामाऱ्या बघायच्या असतील तर मार्चमधल्या दुपारी जा; महिनाभर उशीर केलात तर उरलेल्या जखमाच दिसतील. गर्भकाळ सुमारे २३ दिवस. एप्रिलमध्ये तोंडात सुक्या गवताचा भारा घेऊन धावणारी बहुधा मादी, पिलांसाठी घरटं करणारी. पिलं महिनाभराची झाल्यावर मेमध्ये बाहेर येतात, एका वेताला साधारण सहा-सात.

जूनमध्ये नवख्यांची हमखास फसगत होते. मोठे नर दिसेनासे झाले की ‘विष घातलं’ किंवा ‘रोग आला’ असं वाटतं. प्रत्यक्षात पुरेशी चरबी साठली की ते बिळात शीतनिद्रेत जातात. मोठ्या माद्या जूनअखेर-जुलैत त्यांच्या मागोमाग. ऑगस्टमध्ये दिसतात ती जवळपास सगळी त्याच वर्षीची पिलं. त्यातल्या माद्या आधी खाली जातात, नर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत वर. गालाच्या पिशव्या फुगवून बिया नेणारी खार या दिवसांत दिसली तर तो नर समजा. नर बिळात धान्य साठवतात, माद्या नाही. वसंतात नर वर येण्याआधी आठवडाभर जागे होतात आणि ते खाऊन अंग भरतात. शीतनिद्राही सलग नसते: शरीर मातीइतकं गार पडतं आणि दर दोन-तीन आठवड्यांनी काही तासांसाठी पुन्हा तापतं.

मोजणी करताना दर १० मिनिटांनी सगळी वसाहत एकदा नजरेखालून घाला आणि सर्वांत मोठा आकडा धरा. बेरीज करू नका. एकच खार तीन बिळांतून डोकावते. तोही किमान आकडाच, कारण खाली किती आहेत ते कळत नाही.

आवाज लिहून ठेवा. आकाशातून ससाणा आला तर आखूड चिवचिव, जमिनीवरून कोयोट (कोल्ह्यासारखा शिकारी) किंवा वीझल (मुंगसासारखा छोटा शिकारी) आला तर लांब शीळ. कधी तोंड उघडतं पण आवाज येत नाही. ती सुमारे ५० किलोहर्ट्झची हाक असते, माणसाच्या कानापलीकडची. वटवाघळांचा डिटेक्टर (असे आवाज माणसाला ऐकू येतील असे करणारं यंत्र) तिथे लावला तर ऐकू येते. हाकेनंतर शेजारच्या माद्या काय करतात ते पाहा. एकमेकींना नाक लावणाऱ्या बहुधा आई-लेकी किंवा बहिणी असतात. तरण्या माद्या जन्मजागेजवळच राहतात, नर दूर जातात.

खायला घालू नका, मेलेली खार हातात घेऊ नका. पिसवांमधून प्लेग पसरू शकतो.

उन्हाळ्याअखेर काही बिळांची तोंडं मातीने गच्च बुजलेली आणि जवळच मोठं, रुंद खोदकाम दिसलं तर ते खारीचं काम नव्हे. खारी खाणारा बॅजर हा खणकर प्राणी आधी पळवाटा बंद करून मग खणायला लागतो.