व्हॉल्यूमचा पॉट घ्यायला जाताना मल्टीमीटर खिशात टाका

घरी अॅम्प बनवणारे आपण लोक कपॅसिटरवरून तासन्तास भांडतो आणि व्हॉल्यूमला मात्र ड्रॉवरमध्ये पडलेला कुठलातरी पॉट (पोटेन्शिओमीटर, नॉबमागचा फिरवायचा रेझिस्टर) लावून मोकळे होतो. मी पण तेच केलेलं. मग एका रात्री घरचे झोपल्यावर नॉब जेमतेम उघडून ऐकायला बसलो तर गाणारी बाई मधून उठून उजव्या स्पीकरमध्ये जाऊन बसलेली! आवाज वाढवला की परत मधे. स्पीकरच्या जागा बदलून झाल्या, वायरी उलटसुलट करून झाल्या, शेवटी पॉट काढून मीटर लावला तर डावीकडे ६०० ओहम आणि उजवीकडे ८००, म्हणजे आवाजात अडीच डीबीचा (डेसिबलचा) फरक. तोच पॉट अर्ध्यावर नेला की दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या.

आता ६०० ओहमच का मोजले, कारण सगळी गोम तिथेच आहे. डॅक (डिजिटल गाण्याचा अॅनालॉग सिग्नल करणारा डबा) साधारण २ व्होल्ट देतो, पॉवर अॅम्प त्याचे २० पट करतो म्हणजे ४० व्होल्ट, आणि रात्री हळू ऐकायला स्पीकरला अर्धा व्होल्ट पण खूप होतो. म्हणजे सिग्नल ऐंशीव्या भागावर आणायचा, ५०के च्या (५० हजार ओहमच्या) पॉटवर तो ६२५ ओहमला येतो. थोडक्यात आपण पॉटच्या अगदी खालच्या दीड टक्क्यात राहतो आणि पॉटमधले डाव्या-उजव्या चॅनेलचे दोन ट्रॅक एकमेकांशी सगळ्यात कमी जुळतात ते पण तिथेच.

म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्यात बुधवार पेठेत, मीटर सोबत न्या. आधी दोन्ही बाजूंचं टोटल मोजा, मग जी पिन ग्राउंडला जाणार ती आणि मधली पिन धरून डावी बाजू ६०० वर आणा, शाफ्टला हात न लावता उजवी मोजा. ५३५ ते ६७० च्या मधे आली तर फरक १ डीबीच्या आत, घ्या. हे आकडे ५०के चे, १०के चा पॉट असेल तर सगळे पाचाने भागा. एकीकडे टोटल ४८के आणि दुसरीकडे ५२के आलं तर घाबरू नका, फक्त मग नुसते ओहम न बघता प्रत्येक बाजूचा टोटलशी भागाकार करून बघा. आल्प्स कंपनीचा निळा २७ मिमीचा आरके२७ चांगलाच आहे, पण त्याच्या नकला इतक्या फिरतात की निळा रंग बघून पैसे देण्यात अर्थ नाही, मी एकदा दिलेत. दुकानदार मोजू देत नसेल तर पुढचं दुकान.

पॉट लॉगच हवा, म्हणजे सुरुवातीला हळू आणि पुढे झपाट्याने वाढणारा; लिनिअर सगळीकडे सारखाच वाढतो. हल्लीच्या बहुतेक पॉटवर ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनिअर, जुन्या युरोपियन मालात मात्र हे उलटं पण सापडतं, तेव्हा नॉब बरोबर अर्ध्यावर ठेवून मोजा, ५०के ला ५ ते साडेसात के आले तर लॉग, २५ च्या आसपास आले तर लिनिअर. लिनिअर लावलात तर थोडा फिरवला की घर दणाणतं आणि पुढचा सगळा फेरा फुकट.

व्हॅल्यू? आताच्या डॅकला १०के मस्त. १००के घेतलात तर पॉटचा आउटपुट इम्पिडन्स (पुढच्या स्टेजला सिग्नल देताना मधे येणारा अडथळा) २५के पर्यंत जातो आणि पुढे ५०० पिकोफॅरडची केबल असेल तर १२-१३ किलोहर्ट्झपासूनच वरचे सूर उतरायला लागतात, झांजेची चमक गेली म्हणून लोक स्पीकरला शिव्या देत बसतात. सिग्नल देणारं यंत्र जुनं, ट्यूबचं (व्हॉल्व्हचं) असेल तरच ५०के किंवा १००के.

आणि मीटरवर चांगला पॉट मिळालाच नाही तर एक स्वस्तातला उपाय, १०के च्या पॉटच्या आधी प्रत्येक चॅनेलला २२के चा १ टक्क्याचा मेटल फिल्म रेझिस्टर सिरीजमध्ये टाका. आवाज १० डीबीने उतरतो, म्हणजे तेवढाच आवाज हवा तर नॉब जास्त उघडायला लागतो आणि तुम्ही त्या खराब टोकापासून लांब येता. माझं अर्धं दुखणं यानेच गेलं.

स्टेप्ड अटेन्युएटर, म्हणजे पॉटऐवजी स्विच आणि ठरावीक रेझिस्टरनी पायरीपायरीने आवाज बदलणारा, तो पण वापरला. बॅलन्स अगदी चोख, पण २४ स्टेपवाल्यात २-२ डीबीच्या पायऱ्या असतात आणि रात्री नेमका हवा तो आवाज दोन पायऱ्यांच्या मधे असतो 😅 घ्यायचाच तर स्विच मेक-बिफोर-ब्रेक (आधी पुढची पायरी जोडून मग मागची सोडणारा) आहे ना विचारा, नाहीतर प्रत्येक पायरीला स्पीकरमध्ये टक्. रिमोट हवा असेल तर पीजीए२३११ ची चिप, अर्ध्या अर्ध्या डीबीने चालते, फक्त तिला प्लस-मायनस ५ व्होल्टचा साफ सप्लाय द्यायला लागतो.

जोडताना ग्राउंडची पिन दोनदा हलवून बघा, ती सुटली तर अॅम्प थेट फुल आवाजावर जातो, ट्वीटर जाईल. मधल्या पिनवरून ग्राउंडला १ मेगचा (१० लाख ओहमचा) रेझिस्टर ठेवा आणि पॉटची बॉडी चेसिसला लावा, नाहीतर नॉबला हात लावला की हम्म्. खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरच मारा, बिजागरीचा स्प्रे नाही. साफ करूनही खरखर राहिली तर पॉटवर डीसी येतोय का बघा, बऱ्याचदा आधीच्या स्टेजचा कपॅसिटर लीक असतो आणि पॉट बिचारा बदनाम होतो.

नॉब सगळ्यात शेवटी घ्या, शाफ्ट ६ मिमीचा गोल आहे, डी कटचा आहे की दातेवाला ते बघून. मी आधी घेतलेला तो अॅल्युमिनियमचा देखणा नॉब अजून ड्रॉवरमध्येच आहे.