शेवटच्या रांगेतून वाचता येईल असा फळा

लोक यायच्या आधी व्हाइटबोर्डवर एक शब्द लिहा आणि शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसा. शब्द वाचता येतो का, ट्यूबलाइटची चकाकी कुठे पडते, पुढच्यांच्या डोक्यांआड किती फळा जाईल, हे तिथूनच कळतं. 25 फुटी खोलीत अक्षर दोन इंचांचं तरी हवं. वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार धरले की एका ओळीला पाच इंच लागतात. चार फुटी फळ्याचा खालचा फूटभर सोडला, तर सातच ओळी बसतात. त्यामुळे अख्खी वाक्यं नकोत; आकडे आणि मोजके शब्द पुरे.

मार्कर काळा किंवा निळा. लाल फक्त अधोरेखनाला; नारिंगी लांबून फिका दिसतो. मार्कर आडवेच ठेवा, टोक वर करून ठेवले तर शाई टोकापासून उतरते.

समजा, महिला बचत गटाला कर्जाचा हिशेब समजवायचा आहे. डावीकडे दीड फुटाची पट्टी आखा: कर्ज 5000, व्याज दरमहा शेकडा 2, मुद्दल दरमहा 500. ही पट्टी शेवटपर्यंत पुसायची नाही. शेजारी तक्ता: महिना, बाकी, व्याज, भरणा. पहिल्या महिन्याला 5000, 100, 600. लिहिताना बोलू नका, फळ्याकडे तोंड करून बोललेलं मागे पोहोचत नाही. लिहा, बाजूला सरका, वळा, मग बोला. दुसऱ्या महिन्याला 4500, 90, 590. तिसऱ्याला नुसते 4000 लिहून थांबा. पुढचे आकडे बायकांना सांगू द्या आणि त्या सांगतील तेच लिहा, चुकलं तरी. चूक डोळ्यांसमोर आली की गटातलंच कुणीतरी ती दुरुस्त करतं. छापील तक्ता हातात दिला की ही संधी जाते, आणि फळ्याचा खरा उपयोग तर हाच आहे.

ओळ तिरकी जाते, कारण आपण एका जागी उभं राहून हात लांबवत जातो. दर दोन-तीन शब्दांनंतर पाऊल सरकवा.

चुकून पर्मनंट मार्कर वापरला गेला, तर त्याच अक्षरांवर व्हाइटबोर्ड मार्कर गिरवा आणि ओलं असतानाच पुसा. त्यातल्या द्रावकाने जुनी शाई सुटते. पुसण्याआधी फळ्याचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सॲपवर टाका.