उलांडी डावीकडे: शिडाच्या वआवर सहकुटुंब जाण्याआधी

भारतातून आमच्याकडे कोणी राहायला आलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रश्न येतोच, "तुमच्या त्या होडीतून कधी नेताय?" होडी आमची एकट्यांची नाही, तीन कुटुंबांत मिळून आहे. चार-पाच माणसं बसतील अशी, शीड लावलेली हवाईयन वआ. वआ म्हणजे होडीच: लांबलचक निमुळतं अंग आणि डाव्या बाजूला दोन वाकड्या दांड्यांनी जोडलेला एक तरंगता ओंडका. ओंडक्याला इथे आमा म्हणतात, दांड्यांना इआको. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या वाचकांना जास्त सांगायला नको, आपली उलांडी ती हीच. ओआहू बेटावरच्या कायलुआच्या किनाऱ्यावरून आम्ही मुलांना, पाहुण्यांना, आजी-आजोबांना घेऊन निघतो. निघण्याआधी जे जे करतो ते एकदाचं लिहून ठेवते. इथे येऊन दुसऱ्या कोणाच्या वआवर बसलात तरी उपयोगी पडेल.

सुरुवात वाऱ्यापासून, कारण वारा जमणार नसेल तर पिशवी भरण्यात अर्थ नाही. कोकणातली माणसं आली की आधी भरती-ओहोटीची वेळ विचारतात, आणि तिकडे ते बरोबरच आहे. इथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम दोन-अडीच फुटांचा. बघायचा तो वारा आणि लाट. वर्षातला बराच काळ ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात, उन्हाळ्यात तर जवळजवळ रोज. होनोलुलूच्या हवामान कार्यालयाचा सागरी अंदाज आदल्या रात्री बघायचा आणि पहाटे पुन्हा बघायचा. छोट्या होड्यांसाठी इशारा दिलेला असेल तर बेत रद्द, त्यावर चर्चा करायची नाही. इशारा नसला तरी १५ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वर वारा असेल तर आम्ही मुलांना आणि वडीलधाऱ्यांना नेत नाही. १० नॉटच्या आसपासचा वारा घरच्या माणसांसाठी उत्तम: शीड भरलेलं राहतं, गप्पाही मारता येतात. ऊन चढेल तसा वारा वाढत जातो, म्हणून आठच्या आत पाण्यात उतरायचं.

वारा किती याच्याइतकंच तो कुठून कुठे जातो हे महत्त्वाचं. कायलुआला तो समुद्रावरून किनाऱ्याकडे येतो. शीड फाटलं, दोरी तुटली, तरी वाऱ्याचं तोंड घराकडेच असतं. वाइकिकीच्या बाजूला नेमकं उलटं: वारा डोंगरावरून खाली उतरून समुद्राकडे जातो. किनाऱ्यालगत पाणी तळ्यासारखं शांत दिसतं, म्हणून नवखा माणूस बिनधास्त निघतो आणि बाहेर गेल्यावर परतीचा सगळा रस्ता वाऱ्याच्या तोंडावर आहे हे त्याच्या लक्षात येतं. अशा ठिकाणी जायचं तर कसलेला कप्तान बरोबर हवाच. ऋतूचंही भान ठेवायचं. काउआई बेटावरचा हनालेईचा उपसागर उन्हाळ्यात गुळगुळीत असतो, पण हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या लाटा तिथे होडी उतरवू देत नाहीत.

किनाऱ्यावर राहणाऱ्या एका माणसाला लिहून कळवायचं: किती जण निघालो, कुठपर्यंत जाणार, किती वाजता परतणार, आणि त्यानंतर किती वेळ वाट बघून ९११ ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन क्रमांकाला, फोन करायचा. आम्ही हे शेजारच्या आजींना कळवतो. त्या खरोखर घड्याळाकडे बघत बसतात.

आता माणसं. बाकीची यादी विसरलात तरी चालेल, एवढं मात्र विसरू नका. मोठ्या बोटीत प्रवासी म्हणून नुसतं बसता येतं. वआवर प्रत्येकाचं वजन कामाला लागतं, आजीचं आणि सात वर्षांच्या मुलाचंसुद्धा. उलांडी एकाच बाजूला, म्हणून होडीच्या दोन बाजू सारख्या वागत नाहीत. वारा डावीकडून आला की उलांडी पाण्यातून उचलली जायला लागते, तेव्हा कोणीतरी इआकोंच्या मधल्या जाळीवर सरकून तिच्यावर भार टाकायचा. वारा उजवीकडून आला की शीड उलांडीलाच पाण्यात दाबतं, तेव्हा जाळीवरच्यांनी चटकन आत यायचं. आणि सांगितल्याशिवाय उजवीकडे कोणीही झुकायचं नाही, कासव दिसलं तरी नाही, हातातली टोपी पडली तरी नाही. होडी उलटते ती बहुतेक वेळा अशा एखाद्या झुकण्यानेच.

हे समुद्रात शिकवायला वेळ नसतो, म्हणून वाळूवर शिकवायचं. वआ वाळूवर असतानाच सगळ्यांना आपापल्या जागी बसवायचं. पुढच्या जागेवर वल्ह्याची लय नीट धरणारा, मधे वजनदार आणि वडीलधारी माणसं, मुलं मोठ्यांच्या मधे, मागे सुकाणूचं वल्हं धरणारा. मग हुकूम द्यायचे: "जाळीवर!", "आत!", "डोकं खाली!" शेवटचा हुकूम शिडाच्या खालच्या दांडीसाठी, दिशा बदलताना ती डोक्यावरून जाते. आम्ही आठ-दहा वेळा घोकून घेतो. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा वाळूवर शांतपणे सगळं ऐकून म्हणाल्या, "माझं वजन नेमकं कधी आणि कुठे टाकायचं तेवढं एकदा नीट सांग." त्यांच्याइतका शिस्तीचा सोबती मला अजून मिळालेला नाही.

उलटण्याला इथे हुली म्हणतात. त्याचाही सराव करायचा, छातीभर पाण्यात, शीड उतरवून ठेवून, मुद्दाम होडी उलटी करून. पाण्यातून वर आल्यावर पहिलं काम म्हणजे हाताला लागेल ती होडीची बाजू धरायची. मग प्रत्येकाने आपला बसण्याचा क्रमांक ओरडायचा. आमच्याकडे हे मराठीत चालतं: "एक! दोन! तीन! चार!" मधला आकडा आला नाही तर बाकी सगळं सोडून आधी त्याला शोधायचं, शिडाखाली किंवा दोऱ्यांत अडकलाय का ते बघायचं. आकडे पूर्ण झाल्यावर वल्ही गोळा करायची, शिडाची दोरी सैल आहे याची खात्री करायची. दोघांनी उपड्या होडीवर उभं राहून इआकोला धरून मागे रेलायचं, आणखी एकाने पलीकडून उलांडी वर ढकलायची. ती गोल फिरून येते तेव्हा जोरात आपटते, म्हणून ती जिथे पडणार तिथे कोणाचंही डोकं नको. मुलांना नेमून दिलेलं एकच काम: नाळेजवळची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, दोरी धरून ठेवायची आणि बोलत राहायचं. मग पाणी उपसायचं. त्यासाठी दुधाचा गॅलनचा प्लास्टिकचा डबा तिरका कापून त्याच्या मुठीला दोरी बांधलेली असते. असे दोन डबे हवेत, एक वाहून जातोच.

आणि होडी सोडून पोहत निघायचं नाही. किनारा हाताच्या अंतरावर दिसला तरी नाही. हवाईत हे सांगताना प्रत्येकाला मार्च १९७८ आठवतो. होकूलेआ ही दोन अंगांची मोठी सागरी वआ ओआहू आणि मोलोकाईच्या मधल्या सामुद्रधुनीत रात्री उलटली. एडी आइकाऊ हा वाइमेआचा नावाजलेला जीवरक्षक सोबत्यांसाठी मदत आणायला सर्फबोर्डवरून निघाला आणि कधीच परतला नाही. होडीला धरून राहिलेले सगळे वाचले. त्याच्याएवढा समुद्रात मुरलेला माणूस इथे दुसरा क्वचितच असेल. त्याचं नाव इथे आदराने घेतात, मीही मुलांना आदरानेच सांगते, आणि त्यानंतर लांबच्या सफरीवर होकूलेआबरोबर सोबतीची बोट असते हेही सांगते.

होडीची तपासणी आदल्या संध्याकाळी, उजेड असताना. बुचं बसलीत का, डोलकाठीच्या दोऱ्या झिजल्यात का, हे झटपट होतं. वेळ द्यायचा तो बांधणीला. इआको होडीला खिळ्यांनी ठोकलेले नसतात, बांधलेले असतात. पूर्वी काथ्याची दोरी, आता कोणी सुती दोर वापरतात, कोणी टायरच्या ट्यूबच्या लांब पट्ट्या. आमच्याकडे पट्ट्या आहेत. गेल्या उन्हाळ्यात मागच्या इआकोवरून मी बोटं फिरवत होते तर एका वेढ्याच्या कडेला खरखरीत लागलं. वाकून पाहिलं तर रबराला केसासारखी बारीक चीर आणि चिरेत मिठाचा पांढरा दोरा. वरून पट्टी काळीभोर, घट्ट. नखाने ताणली तशी ती निम्म्यापर्यंत फाटली. सगळे वेढे सोडून नव्याने बांधायला अर्धा तास गेला. तेव्हापासून बांधणी नुसती बघून समाधान मानत नाही. प्रत्येक वेढ्यावरून बोट फिरवायचं, मग एकाने उलांडी धरून हलवायची आणि दुसऱ्याने सांधा बघायचा. सांधा किंचितही हलला तर पुन्हा बांधायचं.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला, अंगावर. १३ वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत उघड्यावर ते घालणं अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमानेच सक्तीचं आहे. आमच्याकडे नियम ऐंशीच्या आजोबांनाही तोच. मुलाला घालून, पट्टे आवळून, खांद्यांजवळ धरून वर उचलून बघायचं. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते मोठं आहे. प्रत्येक जॅकेटला शिट्टी. सुकाणूवरच्या माणसाच्या जॅकेटला पाण्यात तरंगणारा व्हीएचएफ रेडिओ (बोटींवरचा बिनतारी संच) अडकवलेला, संकटाच्या वेळी १६ नंबरचं चॅनेल. मोबाइल जलरोधक पिशवीत, पण भिस्त रेडिओवर.

कपडे अंगाबरोबरचे. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा, चटकन वाळणारी विजार, हनुवटीखाली बांधता येईल अशी टोपी, चष्म्याला दोरी. ओढणी नको, सैल सलवार नको. दोरीत अडकलेली ओढणी पाण्यात सोडवता येत नाही. मंगळसूत्र, अंगठ्या, बांगड्या घरीच काढून ठेवायच्या. हे मी पाहुण्यांना आदल्या दिवशीच सांगते, किनाऱ्यावर ऐनवेळी सांगितलं की काढायचं आणि ठेवायचं कुठे असा घोळ होतो. सनस्क्रीन भारतातून आणत असाल तर वेष्टन वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री हवाईत १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे, प्रवाळाला ती घातक ठरतात म्हणून. झिंक ऑक्साइडवालं घ्यायचं आणि निघण्याआधी अर्धा तास लावायचं, म्हणजे वल्हं हातातून निसटत नाही.

खाणं थोडं, पाणी भरपूर. माणशी दीड लिटर तरी, त्यातली एक बाटली कोकम सरबताची. दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या डब्यात छान टिकतात, चिवडा वाऱ्याने उडतो. मळमळणाऱ्यांसाठी आलेपाक: निघण्याआधी एक वडी आणि पाण्यात असताना एक. रिकाम्या पोटी कोणाला बसवायचं नाही. केळी मात्र बिलकुल न्यायची नाहीत. होडीत केळं म्हणजे अपशकुन असं इथले कोळी मानतात, आणि ज्यांच्या समुद्रात जायचं त्यांचं एवढं ऐकायचं. तसंच दुसऱ्याच्या वआला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. वाळूवर ठेवलेली वआ किंवा तिची उलांडी ओलांडून जायचं नाही, वळसा घालून जायचं. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहणाऱ्या घरातल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही, ती आपणहून वळसा घालतात.

व्यापारी वाऱ्यांबरोबर कायलुआच्या किनाऱ्यावर निळे, फुग्यासारखे, लांब तंतूंचे डंख मारणारे जीव येतात. त्यासाठी व्हिनेगरची छोटी बाटली आणि चिमटा: डंख झाला की व्हिनेगर ओतायचं, तंतू उचलून काढायचे, चोळायचं नाही, किनाऱ्यावर आल्यावर सोसेल तितक्या गरम पाण्याचा शेक. हिवाळ्यात देवमासे असतात. कुबडवाल्या देवमाशापासून १०० यार्ड लांब राहणं कायद्याने बंधनकारक आहे. लानिकाईसमोरची मोकुलुआ बेटं पक्ष्यांची अभयारण्यं आहेत. मोठ्यावर वाळूपुरतं उतरता येतं, धाकट्यावर उतरायला बंदी. पक्ष्यांची बिळं जमिनीत असतात, म्हणून मुलांना वाळू सोडून वर पळू द्यायचं नाही.

परत आल्यावर सगळे भुकेले आणि दमलेले असतात. तरीही शीड गोड्या पाण्याने धुऊन पसरायचं, बांधणीवरून पाण्याचा पाइप फिरवायचा, सगळी जॅकेट उलटी टांगायची. पण त्याच्याही आधी, वआ वाळूवर ओढल्या ओढल्या, ओल्या हातांनीच शेजारच्या आजींना फोन: "आलो. पाचही जण."