एनएफएसमध्ये लिनक्स कर्नल कोसळल्यास मूळ दोष कसा शोधावा

एनएफएस म्हणजे दुसऱ्या यंत्रावरील फाइली नेटवर्कवरून वापरण्याची व्यवस्था आणि कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. सर्वप्रथम हे ठरवावे की कर्नल खरोखर कोसळला आहे, की केवळ खोळंबला आहे. सर्व्हरकडून उत्तर येत नसेल, तर हार्ड माउंट केलेल्या (म्हणजे उत्तर मिळेपर्यंत प्रयत्न करत राहणाऱ्या) क्लायंटवरील प्रक्रिया वाट पाहत थांबतात आणि कालांतराने लॉगमध्ये ‘१२० सेकंदांहून अधिक काळ अडकलेली प्रक्रिया’ अशा अर्थाचा संदेश उमटतो. हा क्रॅश नव्हे, येथे आधी नेटवर्क आणि सर्व्हर तपासावा. ‘ऊप्स’ (कर्नलने नोंदवलेली गंभीर चूक) किंवा ‘पॅनिक’ (कर्नल पूर्ण थांबणे) दिसले तरच पुढील मार्ग धरावा. दोष कोणत्या यंत्रावर आहे, हेही याच वेळी नोंदवावे, कारण क्लायंटचा आणि सर्व्हरचा कोड वेगळा असला, तरी खालचा सनआरपीसीचा (दुसऱ्या यंत्राला विनंती पाठवणाऱ्या यंत्रणेचा) थर दोघांचा एकच असतो.

कर्नल पडताना शेवटच्या ओळी डिस्कवर पोहोचतीलच असे नाही, म्हणून पुरावा जपण्याची सोय आधीच करून ठेवावी लागते. त्यासाठी केडंप हे सर्वांत भरवशाचे साधन आहे. बूटच्या वेळी ‘क्रॅशकर्नल’ या पॅरामीटरने थोडी मेमरी राखून ठेवली जाते, क्रॅश होताच तेथून दुसरा कर्नल सुरू होतो आणि पहिल्याची मेमरी फाइलमध्ये उतरवून घेतो. ही फाइल स्थानिक डिस्कवरच ठेवावी. ज्या एनएफएस शेअरची चौकशी चालू आहे, त्यावर ती लिहायला लावणे धोक्याचे आहे. ऊप्सनंतर कर्नल बऱ्याचदा एकच प्रक्रिया मारून तसाच चालू राहतो, त्यामुळे ‘पॅनिक ऑन ऊप्स’ या सेटिंगची किंमत १ करावी, म्हणजे ऊप्स होताच पॅनिक होईल. वापरात नसलेल्या यंत्रावर सिसआरक्यूच्या (कर्नलला थेट आदेश देण्याच्या सोयीच्या) ‘सी’ आदेशाने मुद्दाम क्रॅश घडवून ही व्यवस्था पारखून घ्यावी.

आता ऊप्स वाचावा, आणि तोही पहिलाच, कारण नंतरचे बहुधा त्याचे परिणाम असतात. चालू सूचनेचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरच्या ओळीत फंक्शनचे नाव आणि त्यातील अंतर असते. त्याच बिल्डची (बांधलेल्या कर्नलची) डीबग माहिती हाताशी असेल, तर कर्नलसोबत येणारी ‘डीकोड स्टॅकट्रेस’ ही स्क्रिप्ट त्यावरून सोर्स कोडची नेमकी ओळ दाखवते. प्रश्नचिन्ह असलेल्या ओळी स्टॅकवर (फंक्शन-कॉलच्या नोंदीवर) उरलेले जुने पत्तेही असू शकतात, त्यांवर विसंबू नये. चुकीचा पत्ता शून्याच्या जवळ, समजा हेक्स २८ असेल, तर बहुधा एखाद्या स्ट्रक्चरचा पॉइंटर नल (रिकामा) होता आणि त्यातील ४०व्या बाइटवरचा घटक वाचला जात होता. मात्र रजिस्टरमध्ये ‘६बी६बी६बी६बी’ अशी माळ दिसली, तर मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली गेल्याचा संशय घ्यावा. स्लब डीबगिंगचे (कर्नलच्या मेमरी-वाटपाच्या तपासणीचे) पॉयझनिंग, म्हणजे खुणेचा बाइट भरणे, चालू असताना मोकळ्या केलेल्या मेमरीत हाच बाइट भरला जातो. अशा वेळी कोसळण्याची जागा आणि चुकीची जागा एक नसते, हे माझ्या मते या सगळ्या तपासातील सर्वांत महत्त्वाचे भान आहे. मेमरी कोणी घेतली आणि कोणी सोडली, हे कळण्यासाठी केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारे कर्नलमधील साधन) चालू केलेला कर्नल बांधून तोच भार पुन्हा द्यावा. तो बराच संथ चालतो आणि वेळेचे गणित बदलल्याने दोष लपूही शकतो, तरीही प्रयत्न सोडू नये.

दोष पुन्हा घडवता येत असेल, तर माउंटची आवृत्ती ४.२ वरून ३ करून पाहावे. तिसऱ्या आवृत्तीत क्रॅश थांबला, तर डेलिगेशन (फाइल हाताळण्याचा अधिकार सर्व्हरने क्लायंटला तात्पुरता देणे) आणि ओपन स्टेट (उघड्या फाइलींची नोंद) सांभाळणारा चौथ्या आवृत्तीचा कोड आधी तपासावा. हा पुरावा नव्हे, दिशा आहे. जुना कर्नल ठीक चालत असेल, तर गिट बायसेक्ट (बदलांची यादी दर वेळी निम्मी करत दोषी बदल शोधणे) करावे: १००० कमिटमधून (नोंदवलेल्या बदलांमधून) दोषी कमिट साधारण १० बिल्डमध्ये सापडतो. क्रॅश अधूनमधूनच होत असेल, तर ‘चांगला’ असा शिक्का मारण्यापूर्वी प्रत्येक बिल्ड नेहमीच्या क्रॅशच्या कालावधीपेक्षा कितीतरी अधिक काळ चालवावा, कारण एक चुकीचा शिक्का पुढचा सगळा शोध भलतीकडे नेतो.

देखभाल करणाऱ्यांना कळवताना पहिला संपूर्ण ऊप्स, कर्नलची आवृत्ती, माउंटचे पर्याय आणि दोष घडवण्याची कृती द्यावी. मेमरीची फाइल मात्र जाहीरपणे कोठेही चढवू नये, कारण तिच्यात वापरकर्त्यांच्या फाइलींचा मजकूर आणि गुप्त किल्ल्याही असू शकतात.