फ्लोटचा एक्स्पोनंट काढताय? या चुका टाळा

फोंड्याला घरच्या गच्चीवर मी पाऊस मोजायचं एक छोटं यंत्र बसवलंय, त्याच्या सी प्रोग्राममध्ये कालच्या नि आजच्या पावसाच्या फरकाचा एक्स्पोनंट काढायचा होता, म्हणजे आकडा '१ पॉइंट काहीतरी गुणिले २ चा घात' असा लिहिला की तो घात. फरक ६.५ आला तर उत्तर २, बरोबर. दुसऱ्या दिवशी पाऊस ओसरला, फरक -६.५, आणि स्क्रीनवर चक्क २५८! रात्री लाईट गेली होती, मी आपला वायरी तपासत बसलो तासभर.

झालं काय, तर ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (सी मधला दशांश आकड्यांचा प्रकार) सगळ्यात वर १ साइन बिट, मग ८ एक्स्पोनंटचे, मग २३ मॅन्टिसाचे, म्हणजे त्या घाताला गुणणाऱ्या आकड्याचे. मी २३ ने उजवीकडे शिफ्ट केलं पण २५५ शी अँड करून खालचे ८ बिटच ठेवायला विसरलो. ६.५ म्हणजे १.६२५ गुणिले ४, आत साठवलेला आकडा १२९, त्यातून साठवताना मिळवलेले १२७ वजा केले की २. निगेटिव्हला साइन बिटाचे २५६ त्यात मिसळतात, झाले ३८५, आणि वजाबाकी करून २५८. तेही अनसाइन्ड (बिनचिन्हाचा) इंट घेतला म्हणून, साधा इंट असता तर वेगळाच घोळ.

दुसरं, फ्लोटचा पत्ता इंट पॉइंटरला कास्ट करून वाचू नका. चालतं वाटतं, पण ते स्ट्रिक्ट एलियासिंगच्या नियमात (एका प्रकारचा डेटा भलत्याच प्रकारच्या पॉइंटरने वाचू नये) बसत नाही, ऑप्टिमायझेशन चढवलं की कधी उलटेल सांगता येत नाही. मेमकॉपी (बाइट जसेच्या तसे कॉपी करणारं फंक्शन) वापरा, कंपायलर ती बहुतेक वेळा उडवूनच टाकतो. आणि फ्लोटला सरळ इंटमध्ये कास्ट केलं तर बिट मिळत नाहीत हो, ६.५ चे ६ मिळतात.

बिटांच्या भानगडीत पडायचंच नसेल तर सी चं फ्रेक्सप फंक्शन आहे, पण ते मॅन्टिसा ०.५ ते १ मध्ये ठेवतं, म्हणून ८ ला ४ सांगतं. ३ हवा असेल तर आयलॉगबी फंक्शन. लॉग२ काढून फ्लोअर करणारेही (खालचा पूर्णांक घेणारे) भेटतात, डबलमध्ये ८ च्या किंचित खालचा आकडा दिला की लॉग राउंड होऊन नेमका ३ होतो, खरं उत्तर २.

राहिलं शून्य. पाऊस जैसे थे असला की फरक शून्य, आणि बिट काढून मिळतात -१२७, ज्याला काही अर्थ नाही. फ्रेक्सप तिथे ० देतं. मी आता आधी शून्य तपासतो, मगच पुढे.